चालत्या कर्नलची दुरुस्ती आणि खिशातली जुनी कुपनं

सर्वप्रथम मराठी विभागाच्या संपादकांची माफी मागते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढल्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ अजूनही आपापल्या मर्जीने येतात-जातात. आईने फोनवर निम्मा लेख ऐकून काही चुका काढल्या, उरलेल्या तुम्ही काढा. विषय टेक्निकल असूनही इंग्लिश विभागात दिला नाही, कारण ही सगळी भानगड मी पहिल्यांदा मेसच्या टेबलावर मराठीतच समजावून सांगितली होती आणि तेव्हाच ती मला स्वतःला नीट कळली.

सुरुवात माझ्या गुन्ह्यापासून करते.

आमच्या डिपार्टमेंटचा एक लिनक्स सर्व्हर आहे. तो सांभाळायला तिसऱ्या वर्षाच्या दोघा-तिघांना घेतात, त्यात मी होते. एका शुक्रवारी संध्याकाळी कर्नलचा सिक्युरिटी अपडेट आला. मी तो टाकला. मशीन म्हणालं, रिबूट करा. मी शहाण्यासारखं आधी ‘हू’ कमांड देऊन बघितलं की कोणी लॉग-इन आहे का. कोणी नव्हतं. केलं रिबूट, दोन मिनिटांत मशीन परत वर, आणि मी खुशीत वडापाव खायला.

‘हू’ फक्त लॉग-इन असलेली माणसं दाखवतं. बॅकग्राउंडला सोडून दिलेली कामं दाखवत नाही. एम.टेक.च्या एका ताईचं सिम्युलेशन तिथे चालू होतं... नववा दिवस होता त्याचा. मधल्या टप्प्यावर काहीच सेव्ह होत नव्हतं. शनिवारी सकाळी ती लॅबमध्ये आली, स्क्रीन बघितली, खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा पहिल्यापासून रन सुरू केला. मला काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या सबमिशनला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

दुपारी मेसमध्ये मीच जाऊन सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “अपडेट तर टाकायलाच हवा ना. पण बंद न करता टाकता येत नाही का गं?”

येतो. त्याला लाइव्ह पॅचिंग म्हणतात.

आता थोडा इतिहास, पटकन. एमआयटीमधल्या जेफ अर्नोल्डने 2008 च्या सुमारास केस्प्लाइस नावाची सिस्टिम आणली. ती लिनक्सचं कर्नल चालू असतानाच दुरुस्त करायची. 2011 मध्ये ओरॅकलने ती कंपनी घेतली. 2014 मध्ये सुझेने केग्राफ्ट आणि रेड हॅटने केपॅच असे दोन वेगवेगळे मार्ग काढले. मग दोघांनी मिळून समान पाया तयार केला आणि तो एप्रिल 2015 मध्ये लिनक्स 4.0 बरोबर मुख्य कर्नलमध्ये आला.

हे चालतं कसं? कर्नल म्हणजे हजारो फंक्शन्सचा ढीग. त्यातल्या बहुतेक फंक्शन्सच्या अगदी सुरुवातीला कंपायलर एक छोटीशी जागा सोडतो. 64-बिट इंटेल-एएमडी मशीनवर ती 5 बाइटची असते. मुळात ती एफट्रेस नावाच्या तपासणीच्या सोयीसाठी असते आणि एरवी तिथे ‘काही करू नकोस’ अशी सूचना बसलेली असते. लाइव्ह पॅच येतो तो एका मॉड्यूलच्या रूपात, आणि त्या 5 बाइटांचा आधार घेऊन सांगतो, “इथे थांबू नका, पलीकडच्या खोलीत नवीन फंक्शन बसलंय, तिकडे जा.” जुनं फंक्शन पुसलं जात नाही. ते जागेवरच असतं, फक्त त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. मला हे कळलं तेव्हा थोडी निराशाच झाली होती, खरं सांगते. मला वाटलं होतं काहीतरी ओपन हार्ट सर्जरी असेल. निघाली दारावरची पाटी.

पण खरी मेख पुढे आहे. समजा एखादा प्रोसेस जुन्या फंक्शनच्या मधोमध आहे, आणि त्याच क्षणी त्याने बोलावलेलं दुसरं फंक्शन आपण बदललं. अर्धं काम जुन्या नियमाने, अर्धं नव्या. म्हणून 2017 मध्ये, लिनक्स 4.12 मध्ये, एक शिस्त आली. प्रत्येक टास्कला वेगवेगळं, एकेक करून नव्या कोडवर न्यायचं. त्याचा स्टॅक तपासायचा. बदललेलं कुठलंच फंक्शन त्यावर नसेल तर त्याला पलीकडे ढकलायचं. असेल तर थांबायचं, किंवा तो कर्नलमधून बाहेर युजरच्या बाजूला जाताना पकडायचं. या मधल्या काळाला ट्रान्झिशन म्हणतात. त्या काळात काही टास्क जुन्या जगात असतात, काही नव्या. शेवटचा टास्क पलीकडे गेला की ट्रान्झिशन संपलं.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, झालं की! कोड बदलला, बग गेला. मी हे ताईला सांगायला गेले आणि सांगता सांगता मेसमधलीच गोष्ट आठवली.

गेल्या वर्षी आमच्या मेसचा कॉन्ट्रॅक्टर बदलला, आठवतंय? रेक्टरनी नोटीस लावली की सोमवारपासून नवा माणूस. सोमवारी काउंटरवर नवा माणूस बरोबर हजर. पण आमच्या सगळ्यांच्या खिशात कुपनं जुनीच! तो म्हणे, ही चालणार नाहीत. माणूस बदलला, पद्धत बदलली, पण आधीच वाटलेली कुपनं कोणी बदलली नव्हती. शेवटी मंगळवारी एक टेबल टाकून कुपनं बदलून दिली, तेव्हा कुठे जेवण सुरळीत झालं.

फंक्शन म्हणजे काउंटरवरचा माणूस. कुपनं म्हणजे मेमरीत आधीच असलेला डेटा. लाइव्ह पॅच माणूस बदलतो. कुपनांना तो हातही लावत नाही. आणि ते बदलून देण्याचं टेबल म्हणजे कॉलबॅक.

ही अडचण काही दुर्मिळ नाही. केस्प्लाइसच्या शोधनिबंधात मे 2005 ते मे 2008 या काळातल्या लिनक्सच्या 64 महत्त्वाच्या सिक्युरिटी पॅचेसचा हिशेब दिला आहे. त्यातले 56 आपोआप, काहीही नवीन न लिहिता लागू करता आले. उरलेल्या 8 साठी माणसाला हाताने जास्तीचा कोड लिहावा लागला, सरासरी 17 ओळींच्या आसपास. म्हणजे आठात एक! त्या सतरा ओळी कुठे ठेवायच्या आणि नेमक्या कधी चालवायच्या, हा आपला विषय.

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये कॉलबॅक समजावताना हेच घेतलं आहे, आणि मला ते फार आवडलं.

टीसीपी कनेक्शनमध्ये कोणी तिऱ्हाईताने खोटं पॅकेट घुसवायचा प्रयत्न केला तर सर्व्हर खऱ्या पार्टीला विचारतो, “हे तूच पाठवलंस का?” या उलटतपासणीला चॅलेंज-अ‍ॅक म्हणतात. लिनक्समध्ये ही सोय 2012 मध्ये 3.6 बरोबर आली, सुरक्षेसाठीच. पण उगाच हजारो उलटतपासण्या होऊ नयेत म्हणून एक मर्यादा होती: सगळ्या मशीनमध्ये मिळून सेकंदाला 100.

2016 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड कॅम्पसमधल्या संशोधकांनी दाखवलं की ही मर्यादाच चुगली करते. कशी? समजा मेसमध्ये रविवारी मोजून 100 लाडू आहेत. मला जाणून घ्यायचंय की माझी रूममेट गुपचूप जेवून गेली का. मी जाते आणि सगळे लाडू मागते. 100 मिळाले तर ती आलेली नाही. 99 मिळाले तर... सापडली! हल्लेखोरही तेच करतो. दुसऱ्याच्या नावाने एक खोटं पॅकेट पाठवतो, मग त्याच सेकंदात स्वतःच्या कनेक्शनवरून 100 उलटतपासण्या ओढून घेतो. एक कमी आली तर त्याला कळतं की ते दोघं खरंच एकमेकांशी बोलतायत. असं करत करत तो सीक्वेन्स नंबरपर्यंत पोचतो. या त्रुटीचा सीव्हीई क्रमांक 2016-5696.

दुरुस्ती छोटी होती आणि 4.7 मध्ये आली. मर्यादा 100 ची 1000 केली आणि दर सेकंदाचा कोटा रँडम केला. नव्या हिशेबाने तो 500 ते 1499 मधला कुठलाही आकडा असू शकतो. आता लाडू मोजून काही कळत नाही.

ही दुरुस्ती लाइव्ह पॅच म्हणून द्यायची झाली तर काय होईल बघा. रँडम करणारा भाग फंक्शनमध्ये आहे, तो आपोआप बदलेल. पण 100 हा आकडा एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये आहे. सोर्स फाइलमध्ये आपण 1000 लिहिलं तरी तो फक्त सुरुवातीचा आकडा. चालत्या मशीनच्या मेमरीत 100 बसलाय तो बसलाय. म्हणजे पॅच ‘यशस्वी’ होऊनही नवं फंक्शन जुनं कुपन घेऊन काम करणार, आणि कोटा 500 ते 1499 ऐवजी 50 ते 149 मध्ये फिरणार. अर्धवट दुरुस्ती. माझ्या मते ही पूर्ण न झालेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट, कारण यादीत तिच्यासमोर बरोबरची खूण असते.

(मूळ गोष्टीचा शेवट: 2022 मध्ये ही मशीनभरची मर्यादा नेहमीच्या सेटिंगमध्ये बंदच करून टाकली. म्हणजे लाडू अनलिमिटेड!)

कॉलबॅकची सोय मुख्य कर्नलमध्ये 4.15 बरोबर, जानेवारी 2018 मध्ये आली. रेड हॅटच्या जो लॉरेन्स यांनी ती लिहिली. त्याआधी केपॅचमध्ये ‘लोड हुक’ नावाने असंच काहीसं होतं. पॅच लिहिणारा चार वेळांसाठी स्वतःची फंक्शन्स देऊ शकतो. प्री-पॅच म्हणजे नवा कोड लागू व्हायच्या आधी. पोस्ट-पॅच म्हणजे ट्रान्झिशन संपून सगळे टास्क नव्या कोडवर आल्यानंतर. पॅच काढायचा झाला तर प्री-अनपॅच, म्हणजे काढायला सुरुवात करायच्या आधी, अजून सगळे नव्या कोडवर असताना. आणि पोस्ट-अनपॅच, म्हणजे सगळे जुन्यावर परत गेल्यानंतर.

चौघांपैकी फक्त प्री-पॅचला ‘नाही’ म्हणायचा अधिकार आहे. त्याने एरर दिली तर पॅच लागतच नाही. आणखी गंमत म्हणजे, पॅच आधीपासून लागलेला असेल आणि त्यात ज्याची दुरुस्ती आहे ते ड्रायव्हर मॉड्यूल नंतर लोड होत असेल, तर त्या मॉड्यूलसाठीचा प्री-पॅच तेव्हा चालतो. त्याने नकार दिला तर ते मॉड्यूलच लोड होऊ देत नाहीत. कडक रेक्टर!

मग आपला 1000 कधी लिहायचा? प्री-पॅचमध्ये लिहिला तर काही काळ जुनं फंक्शन 1000 वापरेल. त्याने फार बिघडत नाही, ते फक्त मोजणी या आकड्याशी ताडून बघतं. पण नव्या फंक्शनमध्ये तो आकडा दोनदा वाचला जातो, एकदा निम्मा करायला आणि एकदा रँडमसाठी. त्या दोन वाचनांच्या मध्येच कोणी 100 चा 1000 केला तर त्या एका सेकंदाचा हिशेब खिचडी. फार संशयी माणूस म्हणेल, नव्या फंक्शनला आकडा एकदाच वाचायला लावा आणि 1000 पोस्ट-पॅचमध्ये लिहा. इथे नुकसान नगण्य आहे. पण आकड्याऐवजी एखाद्या लिस्टची रचनाच बदलत असेल तर ‘आधी की नंतर’ यावर मशीन कोसळणं-न कोसळणं अवलंबून असतं. म्हणून वेळा चार आहेत.

जोड्या मात्र लक्षात ठेवा, व्हायव्हात विचारलं तर उपयोगी पडेल (विचारणार नाहीत). प्री-पॅचमध्ये केलेलं पोस्ट-अनपॅचमध्ये निस्तरायचं, पोस्ट-पॅचमध्ये केलेलं प्री-अनपॅचमध्ये. कपाट भरताना आत टाकलेली वस्तू सगळ्यात शेवटी निघते, तसं.

हे मी फक्त वाचलं नाही, करून बघितलं, अर्थात व्हर्च्युअल मशीनमध्ये. त्या सर्व्हरला हात लावायची हिंमत उरली नव्हती. कर्नलच्या सोर्सबरोबर लाइव्ह पॅचचे नमुने येतात. त्यात एक मुद्दाम आळशी मॉड्यूल आहे, जे एका फंक्शनमध्ये शिरून सांगाल तितके सेकंद झोपून राहतं. त्याला तीस सेकंद झोपवलं आणि त्याच फंक्शनचा पॅच लावला. ट्रान्झिशन अडकलं, कारण झोपलेल्या थ्रेडच्या स्टॅकवर जुनं फंक्शन! प्री-पॅचचा मेसेज लॉगमध्ये आलेला, पोस्ट-पॅचचा पत्ता नाही. मी तेवढ्यात पॅच बंद करायला सांगितलं. ट्रान्झिशन उलटं फिरलं आणि लॉगमध्ये थेट पोस्ट-अनपॅच आला. प्री-अनपॅच चाललाच नाही. पहिल्यांदा मला वाटलं मीच काहीतरी घोळ घातला. मग ट्यूब पेटली. पोस्ट-पॅच झालाच नव्हता, तर त्याचं निस्तरायला कोणाला बोलावणार?

मग स्वतःचं मॉड्यूल लिहिलं. त्यात 100 ची मर्यादा, अ‍ॅडमिनला चालू असताना बदलता येईल अशी. त्यावर माझा पॅच, पोस्ट-पॅचमध्ये 1000 लिहिणारा, प्री-अनपॅचमध्ये परत 100 लिहिणारा. पहिल्या झटक्यात चालला. रात्रीचे दोन वाजले होते आणि माझी रूममेट उशीखालून म्हणाली की मी ओरडले तर ती रेक्टरकडे जाईल.

दुसऱ्या दिवशी ताईला लॅपटॉपवर दाखवलं. तिने कोड शांतपणे वाचला. चारच ओळी होत्या.

“2016 मध्ये हा बग बाहेर आला, तेव्हा पॅच येईपर्यंत लोकांनी काय केलं होतं?” तिने विचारलं.

मला माहीत होतं. ती मर्यादा हाताने 999999999 करून ठेवायचा सल्ला होता. इतके लाडू कोणी मोजूच शकत नाही.

“मग मी तसं करून ठेवलं असेल, तर तुझा पॅच काय करेल?”

मी बघितलं. माझा पॅच तिचे नऊ नऊ पुसून 1000 लिहिणार. आणि पॅच काढला की 100 लिहिणार, जे तिने कधी ठेवलंच नव्हतं. जुना कोड, जुना आकडा, बग उघडा... आणि तिला वाटणार की आपण तर आधीच बंदोबस्त केलाय.

मेसच्या गोष्टीचा उरलेला भाग मी तुम्हाला सांगितला नव्हता. तो नवा कॉन्ट्रॅक्टर तीन आठवड्यांत पळाला आणि जुना परत आला. तोपर्यंत जुनी कुपनं फाडून फेकली होती, कोणाकडे किती होती याची वही कोणी ठेवली नव्हती. माझी चौदा गेली. मी तेव्हा महिनाभर सगळ्यांना शिव्या घातल्या, आणि माझ्या कॉलबॅकने तेच केलं होतं.

चार ओळींच्या पंधरा झाल्या. पोस्ट-पॅच आता आधी बघतो की आकडा अजून 100 च आहे का. असेल तरच 1000 करतो आणि ‘मी बदलला’ अशी नोंद ठेवतो. नसेल तर हात लावत नाही. प्री-अनपॅच ती नोंद बघतो, आणि आकडा अजून 1000 च असेल तरच परत 100 करतो. मधल्या काळात कोणी हाताने बदलला असेल तर तो तसाच राहू देतो. केस्प्लाइसच्या त्या सतरा ओळी कुठून येतात ते मला तेव्हा कळलं.

ताईने तरीही एक भोक काढलंच. पॅच लागलेला असताना कोणी स्वतःच्या हाताने, मुद्दाम 1000 टाइप केला तर? माझा कोड तो आपलाच समजून पुसणार. याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि अजून एक कोडं मी सोडवलेलं नाही. 2019 पासून, लिनक्स 5.1 मध्ये, एक नवा एकत्रित पॅच आधीचे सगळे पॅच एका फटक्यात बदलू शकतो. त्या वेळी फक्त नव्या पॅचचे कॉलबॅक चालतात, जुन्याचे नाही. म्हणजे माझी ‘मी बदलला’ ही नोंद माझ्याबरोबरच जाणार. पुढच्याला ती कशी द्यायची, हे पुढच्या सेमिस्टरला बघेन.

ताईचं सबमिशन वेळेत झालं, दोन दिवस राखून. नवा रन दर सहा तासांनी स्वतःला सेव्ह करत होता. तो कोड आम्ही दोघींनी बसून घातला. सर्व्हरच्या रॅकवर आता एक वही दोरीने बांधलेली आहे. कोणाचं काय चालू आहे, कधीपर्यंत, आणि फोन नंबर. पहिली नोंद तिच्या अक्षरात आहे. रिबूटच्या आधी मी ती बघते, मग ‘पीएस’ देऊन सगळे प्रोसेस बघते, आणि मग त्या सगळ्यांना एकेक फोन करते. वडापाव त्यानंतर.